रेघेची जाडी

बडोद्यात समुद्र फाइलीतून येतो,
लाल फितीत, कोपरे फुगलेला,
आणि कोठीजवळच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या कलत्या टेबलावर उघडतो.
एकोणतीस वर्षं मी तो आखते आहे.
पाहिला दोनदाच.
एकदा शाळेच्या सहलीत, एकदा भावाच्या अस्थी घेऊन.

आता हुकूम आहे : बंदरांच्या हद्दी नव्याने ठरवायच्या.
खंभातच्या आखातात, जिथे भरती आली की
तीन मजले पाणी चढतं
आणि ओहोटीला होड्या चिखलात कुशीवर पडतात,
दुपारच्या म्हशींसारख्या.
जुनी रेघ अशाच एका चिखलावरून गेलेली.
उत्तरेला एक बंदर, दक्षिणेला दुसरं,
दोन्हीकडे वायरलेस, दोन्हीकडे शिक्के,
दोन्हीकडे अकराचा चहा.

भाद्रपदातल्या अवसेला ‘सोनल’ नावाची होडी
या रेघेवर आली आणि इंजिन बंद पडलं.
उत्तरेने नोंद केली : दक्षिणेस कळवले.
दक्षिणेने नोंद केली : उत्तरेस कळवले.
अक्षर दोन्हीकडे सुंदर आहे.
मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या.
चार तास वीस मिनिटं,
आणि मग वहीत फक्त हवामान.

हिशेब मी आपला करून पाहिला, कुणी सांगितला नव्हता.
नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर.
माझ्या पेनाची निब शून्य पॉइंट तीन.
म्हणजे रेघेची नुसती जाडीच पंधरा मीटर.
‘सोनल’ बारा मीटरची.
मावत होती.
आरामात मावत होती, जाळ्यासकट.

जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात आखणाऱ्याची बारीक सही आहे.
माझीच.

त्रिवेदीसाहेबांना म्हटलं, हद्दी एकमेकींवर चढवू या,
कौलं चढवतात तशा. म्हणून तर छप्पर गळत नाही.
साहेब वाईट नाहीत. चष्मा पुसत म्हणाले,
शिर्केबेन, भागीचं घोडं किवणानं मेलं,
तुमच्यातच म्हणतात ना?
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

घरी जाताना विश्वामित्रीच्या पुलावर थांबले.
खाली मगर. शेपूट पाण्यात, धड गाळात.
काठावर दोन पाट्या, एक पालिकेची, एक वनखात्याची.
ती दोन्हींकडे पाठ करून पडली होती.

परवा तांडेलाचा भाऊ आला, जीवा,
जबाब द्यायला, चपला जिन्यातच काढून.
नकाशा बराच वेळ उलटा पाहिला, मग सुलटा.
‘बेन, आमां पाणी क्यां?’
मी निळा रंग दाखवला.
निळं नसतं, म्हणाला, चहासारखं असतं.
मग बोट ठेवलं. इथे.
जाड बोट, नखात डिझेल.
त्याखाली उत्तर गेली, दक्षिण गेली,
माझी रेघ गेली, शिक्क्याची जागाही गेली.
तो काही बोलेना, बोटही उचलेना.
मी हळूच पट्टी लावली.
अठरा मिलिमीटर. नऊशे मीटर.

प्रस्तावात आता तेवढा पट्टा
तिरप्या रेघांनी भरला आहे.
शेऱ्यात लिहिलं : या पट्ट्यात
ज्याला आधी ऐकू येईल, त्याने निघावं.
साहेबांनी लाल पेनाने ‘निघावं’ खोडून
‘कार्यवाही करावी’ केलं.
बाकीचं राहू दिलं.

फाइल गांधीनगरला गेली आहे.
अवसेला अकरा दिवस आहेत.